आईची सहाची बॅच

आईचं डोकं नुसतं दुखायचं नाही, उठायचं. आधी अर्धं डोकं, मग उजवा डोळा, मग ओकाऱ्या. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. डोकं उठलं की मागच्या खोलीत दिवा बंद करून खोक्यांवर आडवी पडायची आणि मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, "बाई आज कामातून गेल्यात."

स्वतःचं म्हणून तिचं एकच होतं. तरण तलावावरची बायकांची सकाळी सहाची बॅच. चाळिशीत पोहायला शिकली. पोहून आली की गुणगुणत घरात शिरायची. आणि नेमकं त्याच दिवशी अकराच्या सुमाराला डोकं उठायचं.

"तुला झेपत नाही व्यायाम," बाबा म्हणाले. "सोड ते पोहणं, सुंठीवाचून खोकला जाईल."

बोलायला काय जातंय! आई हट्टाला पेटली. पोहली की कॅलेंडरवर निळा ठिपका, डोकं उठलं की लाल फुली. चार महिने. निळ्याशेजारी लाल पडतच गेलं आणि बाबा दात कोरत ते मोजायचे. पण एका मंगळवारी तलाव बंद होता, दुकानात मालमोजणी होती, आई न खाताच गेली. फुली. आणि बाबा, दादा, मी असे तिघं मावशीकडे गेलो, आई एकटीच घरी, त्या आठवड्यात चार ठिपके, फुली एकही नाही.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जाताना पोट रिकामं, आल्यावर आमचे तीन डबे, मग धावतपळत दुकान. पहिला घास अकराला. आम्ही नव्हतो तेव्हा ती घरी येऊन निवांत खात होती. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. खुशाल पोहा, पण उपाशी राहू नका.

त्या संध्याकाळी ती कॅलेंडर घेऊनच जेवायला बसली. इतकी खूश! "आठवड्यातून चार दिवस डबे तेवढे तुम्ही भरा."

"म्हणजे शेवटी पोहण्यामुळेच ना?" बाबा म्हणाले.

"मला नाही जमणार बुवा," दादा म्हणाला.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांची घोडी मी, हातपाय धडधाकट. म्हणाले, "आई, माझं परीक्षेचं वर्ष आहे गं. एवढं एक वर्ष जाऊ दे ना."

तिने कॅलेंडर खिळ्याला परत अडकवलं. तलावाचा पास संपला, तो पुन्हा काढला नाही.

डोकं थांबलं? थांबतंय डोंबल! डबे तेच, पोहण्याचा वाचलेला तास घरकामाने खाल्ला, पहिला घास अकराला तोच. निळे ठिपके गेले, फुल्या राहिल्या. आणि बाबा वर म्हणतात कसे, "बघ, सोडूनही दुखतंच. म्हणजे पोहण्याचा काही दोष नव्हता." आई तेव्हा हसली. ते हसणं मला अजून छळतं.

गेल्या महिन्यात तिला माझ्या घरी आणलं. सकाळी केळं सोलून हातात दिलं, नवा पास पुढे ठेवला. "चल, मी येते सोबत. आल्यावर नाश्ता मी करते. मग जाईन कामावर."

तिने पास उलटसुलट करून पाहिला. तिचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. मला हे माहीतसुद्धा नव्हतं.

"एक वर्ष म्हणाली होतीस," ती म्हणाली. "अकरा गेली."

मग केळं माझ्या हातात परत दिलं. "तू खा. उपाशी नको जाऊस कामावर."