शिंगाड्याच्या चॉकलेट वड्या

समोरच्या घरातल्या मारवाडी भाभी एका जागी बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "बसा ताई, बसा. नाही, आधी इकडे या," असं त्यांचं बोलणं. दिवाळीआधी त्या शिंगाड्याचं पीठ तुपात भाजतात, त्यात चॉकलेट वितळवून वड्या थापतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने धुळ्याला लेकीच्या सासरी पाठवतात. वड्या थापून होईपर्यंत दर वर्षी दिवस मावळतो. मावळल्यावर त्या जैन धर्माप्रमाणे पाणीसुद्धा घेत नाहीत, म्हणून चव बघायला मला हाक येते.

मी वडी तोंडात टाकली की भाभी ओटा पुसतात, फ्रिज उघडतात, बंद करतात, परत ओटा पुसतात. मी काय म्हणते याकडे त्यांचं लक्ष नसतं. त्या माझा चेहरा बघत असतात, आणि मला कुठे बघावं कळत नाही.

यंदा पीठ कच्चं राहिलं होतं. चॉकलेट विरघळल्यावर ते टाळूला चिकटलं. पण डबा पुसून तयार होता, त्यावर लेकीचं नावही लिहून झालं होतं. मी म्हटलं, "मस्त झाल्यात."

भाभींच्या हातातलं फडकं थांबलं. त्या स्टुलावर बसल्या.

"उद्याची एसटी जाऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी मीच खाऊन बघते."

मग कागदात सहा वड्या बांधून त्यांनी माझ्या हातात ठेवल्या.

"तुम्हाला आवडल्यात ना ताई, घेऊन जा."