मी लिहून घेतलेले हमीपत्र

ती घटना आजही आठवते. खरे सांगायचे तर ती आठवू नये म्हणून मी बरेच प्रयत्न केले. नोकरीत खून, दरोडे, कंटेनरमधल्या मालाच्या चोऱ्या असे पुष्कळ तपास केले आणि त्यांतले बरेचसे आता विसरलो आहे. या प्रकरणात ना कोणाचे रक्त सांडले, ना कोणाला शिक्षा झाली. कागदोपत्री ते तीन दिवसांत निकाली निघाले आणि वरिष्ठांनी फोन करून शाबासकीही दिली. पण माझ्या हातून एखाद्याचे कायमचे नुकसान झाले असे मला वाटते, ते याच प्रकरणात.

पनवेल परिसरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरचे अपघात आणि खारघरच्या सोसायट्यांमधली पार्किंगची भांडणे यांतच आमचा दिवस संपायचा. आमच्या हद्दीत बॉक्सिंगच्या लढती भरवणारा एक आयोजक होता. लोक त्याला प्रमोटर म्हणत. शब्द मोठा, माणूस साधा. जवळच्याच गावातला, पन्नाशीचा, नाक दोनदा मोडलेले. लग्नाचे मुहूर्त नसले की तो मंगल कार्यालय घ्यायचा, नवरा-नवरी बसतात तिथे रिंग उभारायचा आणि आसपासच्या मुलामुलींच्या लढती लावायचा. कितीतरी वर्षे या लढती आमच्या स्थानिक केबलवर रविवारी दुपारी दाखवल्या जात. आधी चित्रीकरण व्हायचे, मग काटछाट करून दाखवायचे.

पुढे सेट-टॉप बॉक्स आले. केबलवाल्याने धंदा एका मोठ्या कंपनीला विकला आणि त्या कंपनीला असल्या गावठी लढतींत काडीचा रस नव्हता. दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. याने दोन कॅमेरे आणि एक लॅपटॉप जमवला, चार ठिकाणी विचारून शिकून घेतले आणि मोबाईलवरचे इंटरनेट नुकतेच स्वस्त झाले होते तेव्हा लढती थेट इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. महिन्याभरात त्याच्या लक्षात आले की पनवेलपेक्षा आखातातून जास्त लोक बघतात. पनवेल-उरणची किती माणसे तिकडे कामाला आहेत हे आपल्याला ठाऊक असते, पण सुट्टीच्या दिवशी ती मोबाईलवर आपले गाव शोधत बसतात हे या बहाद्दराने ओळखले. तिकडे सुट्टी शुक्रवारी असते म्हणून त्याने रविवारच्या लढती शुक्रवारी संध्याकाळी नेल्या. मला त्याचे तेव्हाही कौतुक वाटले होते.

एका सोमवारी संध्याकाळी एक बाई आपल्या दिराला घेऊन ठाण्यात आल्या. कोकणी मुसलमान कुटुंब, नवरा सोळा वर्षे कुवेतला. एकोणीस वर्षांची मुलगी सकाळी खारघरच्या कॉलेजला म्हणून गेली ती परतली नव्हती. ठाणे अंमलदार मिसिंगची नोंद करायला बसला तेव्हा बाई रडतच होत्या. सगळे बोलणे दीरच करत होता. पोलिसांना एक सवय लागते: रडणारा काय बोलत नाही ते आधी ऐकायचे. मी बाईंना माझ्या खोलीत बसवले, महिला कॉन्स्टेबलला पाणी आणायला सांगितले आणि थांबलो. मग हळूहळू बाहेर आले. मुलगी दोन वर्षे चोरून त्या आयोजकाकडे बॉक्सिंग शिकत होती. आईला माहीत होते, बापाला नव्हते. केबलच्या काळात तिची लढत कापून टाकायची असे आयोजकाशी ठरले होते. थेट प्रक्षेपणात कापायचे कसे? हेडगार्डमध्ये कोण ओळखणार, असे म्हणून मुलगी मागल्या शुक्रवारी उतरली. शनिवारपासून बापाचे फोनवर फोन सुरू झाले. भीतीने आईने एकही उचलला नाही. शेवटी त्याने भावाला फोन करून एवढेच सांगितले की तातडीची रजा टाकली आहे, शुक्रवारी सकाळी पोहोचतो.

“साहेब, सोळा बरसांत ते तीनदा घरी आले,” बाई म्हणाल्या. “माझ्या सासऱ्यांच्या मयतीला पण येता आलं नाही. आता असे धावत येतायत. कशासाठी येतायत ते मला सांगायची गरज आहे का?”

मलाही सांगायची गरज वाटली नाही. दिराची फिर्याद होती की आयोजकानेच मुलीला फूस लावून कुठेतरी डांबून ठेवले आहे. मुलगी सज्ञान होती, तरी डांबून ठेवल्याचा संशय होता, म्हणून मी अपहरणाचा गुन्हा दाखल केला.

मंगळवारी सकाळी एका रिक्षावाल्याकडून खबर आली की सोमवारी आयोजकाच्या स्कूटरवर मागे एक मुलगी हातात मोठी बॅग घेऊन बसलेली होती आणि स्कूटर हायवेच्या दिशेने गेली. दहा वाजता मी आयोजकाला उचलून आणले. सोबत पंचनामा करून त्याचे दोन्ही कॅमेरे, लॅपटॉप, वायरी, सगळे मुद्देमाल म्हणून जप्त केले. त्या शुक्रवारी त्याची सर्वांत मोठी लढत होती. पुण्याच्या एका अकादमीचे प्रशिक्षक ही मुलगी बघायला येणार होते, पसंत पडली असती तर तिचे राहणे, जेवण, शिकणे तिथेच झाले असते. हे त्याने मला त्याच दिवशी सांगितले. मी डायरीत लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला.

दिवसभर चौकशी चालली. बॉक्सिंगबद्दल, केबलवाल्याबद्दल, इंटरनेटबद्दल तो भरभरून बोलायचा. मुलीचे नाव काढले की गप्प. आवाज चढवून झाला, सबुरीने घेऊन झाले, अटकेची भीती घालून झाली. एकच उत्तर.

“ती सुखरूप हाय. कुठं हाय ते नाय सांगणार. मी तिला शब्द दिलाय, साहेब. बापाचा राग उतरंपरत्यान कुनाला सांगणार नाय.”

दुपारी चारच्या सुमारास त्याने एक फोन करू देता का, असे विचारले. ठाण्यात बसवलेला माणूस पहिला फोन कोणाला करतो यावरून बरेच समजते. कोणी वकिलाला करतो, कोणी नगरसेवकाला, बहुतेक बायकोला. याने शिरढोणला राहणाऱ्या विधवा बहिणीला केला. मी शेजारी उभा होतो. तो तिला म्हणाला की मी ठाण्यात हाय, घाबरू नको, आणि सकाळचा सराव चुकवायचा नाय असं सांग. त्याची बहीण बाजारात भाजी विकायची. तिच्या घरात सराव कोण करते हे ओळखायला मला फार डोके चालवावे लागले नाही.

बुधवारी सकाळी साध्या वेशात, महिला कॉन्स्टेबलसह मी शिरढोणला गेलो. मागच्या अंगणात ती मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती. आम्हाला बघून थांबली, दोरी गुंडाळून हातात धरली आणि विचारले, “सरांना सोडलं का?” आपल्याला पकडले याची तिला काही पडलेली नव्हती. जबाबात तिने स्वच्छ सांगितले की ती आपल्या मर्जीने आली, कोणी डांबले नाही, शुक्रवारची लढत होईपर्यंतच राहणार होती, नंतर बापाला तोंड द्यायची तिची तयारी होती.

इथे माझे काम संपले होते. मुलगी सज्ञान, सुखरूप, स्वतःच्या इच्छेने गेलेली. जबाब नोंदवायचा, आयोजकाला घरी सोडायचे आणि कोर्टात क समरीचा अहवाल पाठवायचा. म्हणजे गुन्हा गैरसमजातून दाखल झाला, एवढेच. पण मला भले करायची हौस होती. शुक्रवारी बाप उतरेल, डोक्यात राख घालून येईल, पोरीला काही करून बसेल, मग खरा गुन्हा होईल, असे चित्र मी मनाशी रंगवले. मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग, आई, काका आणि आयोजक अशा सगळ्यांना मी दुपारी खोलीत बोलावले. चहा मागवला. मुलीला मध्ये उभे केले आणि थोरल्या भावाच्या मायेने बोलतोय अशा समजुतीत तिला पंधरा-वीस मिनिटे ऐकवले. घराची इज्जत, बापाचे कष्ट, आईचे अश्रू, सगळे आले त्यात. शेवटी विचारले, “चूक झाली ना तुझी?”

ती आयोजकाकडे बघत होती. तो मान खाली घालून बसला होता, कारण त्याचे कॅमेरे माझ्याकडे होते आणि त्याला वाटत होते की एक शब्द जास्त बोलला तर आणखी काही जाईल. ती “हो” म्हणाली. यापुढे बॉक्सिंग करणार नाही असे हमीपत्र मी तिच्याकडून लिहून घेतले, खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि आयोजकाला सोडून दिले. जाताना आईने माझ्यापुढे हात जोडले. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास बाप ठाण्यात आला. मी बंदोबस्ताच्या तयारीनेच त्याला आत घेतले, दोन शिपाई दाराशी उभे केले. पन्नाशीचा, उन्हाने काळवंडलेला, प्रवासाचे कपडेही न बदललेला माणूस. त्याने खुर्चीत बसायच्या आधी विचारले की लढत किती वाजता आहे, कारण घरी कोणी धड सांगत नाही. मी म्हटले, आता लढत नाही, तुमच्या मुलीने लिहून दिले आहे. त्याला ते कळले नाही. मी हमीपत्र पुढे केले. त्याने ते दोनदा वाचले आणि खिशातून मोबाईल काढला. एका मोबाईलवर चाललेली लढत त्याने दुसऱ्या मोबाईलने टिपून ठेवली होती. चित्र हलत होते, त्यातली मुलगी जेमतेम दिसत होती. आवाज मात्र स्वच्छ होता. एका खोलीत राहणारी आठ-दहा कामगार माणसे ओरडत होती, मारून ये पोरी, मारून ये, आणि मध्येच याचा स्वतःचा आवाज, ही माझी आहे, ही माझी आहे.

“हेडगार्ड होतं, नाव वेगळं होतं, तरी रिंगमध्ये चढली तशी मी ओळखली,” तो म्हणाला. “साहेब, तिचा शाळेचा पहिला दिवस मी बघितला नाही. दहावीचा निकाल फोनवर ऐकला. जिंदगीत पहिल्यांदा मी तिला काहीतरी करताना बघितलं. पुढची लढत समोर बसून बघायची म्हणून आलो होतो. ठेकेदाराच्या हातापाया पडून आलो.”

 मोबाईल खिशात ठेवून त्याने विचारले, “माझा नंबर नव्हता का तुमच्याकडे?”

नंबर होता. फिर्यादीच्या पहिल्याच पानावर, कुवेतच्या कोडसह लिहिलेला होता. तीन दिवसांत मी रिक्षावाल्याला विचारले, कॉलेजच्या शिपायाला विचारले, भाजीवाल्या बाईला विचारले. ज्या माणसाच्या रागाच्या नावाने एवढे रामायण घडले, त्याला राग आला आहे का, हे कोणीच विचारले नव्हते. आई घाबरली होती, काका अडाणी होता, त्यांना माफ करता येईल. विचारणे हा माझा तर धंदा होता. ते कुटुंब कोणते आहे हे ऐकल्याबरोबर मी बापाचा जबाब मनातल्या मनात स्वतःच लिहून टाकला होता. नाव दुसरे असते तर कदाचित मी तो फोन केला असता.

मी आयोजकाला फोन लावला. मंगल कार्यालय त्या संध्याकाळसाठी अजून त्याच्या नावावर होते. कॅमेरे कोर्टाच्या आदेशाशिवाय सोडता येत नव्हते, पण लढतीला कॅमेरे लागत नाहीत. समोरची मुलगी तयार होती. पुण्याचे प्रशिक्षक संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले. आता फक्त हिने हो म्हणायचे राहिले होते.

बापाबरोबर मी त्यांच्या घरी गेलो. हमीपत्र सोबत नेले होते. तिच्या हातात देऊन म्हणालो की याला कायद्याने शून्य किंमत आहे, सज्ञान मुलीला असे कोणी बांधून ठेवू शकत नाही, हे मला लिहून घेतानाही माहीत होते, तू फाडून टाक आणि चल. बाप तिला पोटाशी धरून सांगत होता, मी तुला बघायला आलोय बेटा, मी तुला बघायला आलोय. ती त्याच्याजवळ रडली, खूप रडली. पण कागद तिने फाडला नाही, घडी घालून मला परत दिला.

“कागदाचं काही नाही, साहेब,” ती म्हणाली. “तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, चूक झाली ना. आणि मी हो म्हटलं. सर तिथंच बसले होते. दोन वर्षं ज्यांनी शिकवलं त्यांच्यासमोर मी हो म्हटलं. आता कुठल्या तोंडानं ग्लोव्ह्ज घालू?”

ती त्या संध्याकाळी गेली नाही, नंतरही कधी गेली नाही. बाप आठ दिवसांनी कुवेतला परतला. आयोजकाचे सामान कोर्टाच्या आदेशाने परत केले तेव्हा तीन महिने उलटले होते. एवढ्या खंडानंतर त्याचे बघणारे दुसरीकडे पांगले होते. त्याने यादीप्रमाणे एकेक वस्तू तपासून सही केली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. मला ते योग्यच वाटले.

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्ट पुरावा म्हणून धरत नाही. आम्हा पोलिसांची त्याबद्दल कायमची कुरकुर असते. एवढे कष्ट घेऊन माणसाला बोलते करायचे आणि कोर्टाने ते बाजूला सारायचे. मीही ती कुरकुर वर्षानुवर्षे केली. कायदा करणाऱ्यांनी ते कलम का घातले असेल, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात नीट समजले नाही. ते मला त्या मुलीच्या ‘हो’ने समजावले.