पंधराव्या दिवशीची भाकरी

करपलेल्या ज्वारीच्या पिठाचा वास. संध्याकाळी अमरावतीहून परतताना तिवशाच्या अलीकडे एसटीतून उतरून घराकडे वळलं, की मळ्यातल्या शेवंतीच्या ओल्या गंधात मिसळून तो सामोरा यायचा — किंचित कडू, किंचित गोड. आजही कुणाच्या तव्यावर पीठ करपलं, की माझा हात असेल तिथे थांबतो. का थांबतो, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगते आहे. आणि सांगतानाही आरंभ कुठून करावा, हे मला नीटसं ठाऊक नाही.

तुम्ही माझ्याविषयी कदाचित एवढंच ऐकलं असेल — वडिलांसाठी पुण्याची नोकरी नाकारणारी मुलगी. अकोल्याच्या माझ्या आत्यानं ही गोष्ट कितीतरी पंगतींत वाढली आहे. नोकरी खरी होती, नकार खरा होता. कारण तेवढं खोटं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात मी आणि बाबा. त्यांचा फुलांचा मळा — झेंडू, शेवंती, बांधाकडे थोडा निशिगंध. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात तासिकांवर मराठी शिकवत होते; जून आला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. अशात पुण्याहून एका प्रकाशनसंस्थेचं पत्र आलं. कायमची नोकरी, कवितासंग्रहांचं संपादन. पंधरा दिवसांत कळवायचं होतं.

याच कामाची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती. मग पत्र वाचताना आनंद का झाला नाही? मी ते बाबांना वाचून दाखवलं आणि हाताशी आलेली पहिली अडचण पुढे केली — तुमच्या जेवणाचं काय? चहाखेरीज त्यांना काही येत नव्हतं. ते म्हणाले, “भाकर शिकतो मी. तू जायाची तयारी कर.”

आणि ते खरोखर शिकू लागले. सत्तरीला टेकलेला माणूस, झेंडू तोडून तोडून हिरवट-पिवळी झालेली बोटं, आणि समोर आईची परात. शेजारच्या गोदामावशी कुंपणापलीकडून धडे द्यायच्या. “झेंडू तोडून नाई राहिले तुमी, भाऊ. हात हलका ठेवा.” पाराजवळचे सोबती विचारायचे, म्हातारपणी सून व्हायला निघालास काय. बाबा हसायचे. भाकरीच्या कडा चिरायच्या, कधी ती उचलतानाच तुटायची, कधी तव्यालाच चिकटून राहायची. दिवसभराच्या चुका ते झाकून ठेवायचे, गाईला घालायचे; पण वास कसा लपणार?

मी तो वास घेत होते आणि मनात काय म्हणत होते? — इथे आले की शब्द अडखळतात. मी म्हणत होते, जमू नये. यांना हे जमू नये.

पंधराव्या दिवशी सकाळी त्यांनी मला कॉलेजला निघण्याआधी पाटावर बसवलं. पाणी उकळीला आलेलं. पीठ मळताना त्यांची बोटं आता धावत नव्हती. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली. मग जाळावर धरली आणि ती फुगली. पूर्ण, गोल, एका श्वासाची. पापुद्रा सुटताना आलेला तो बारीक आवाज अजून माझ्या कानांत आहे. त्यांनी ती माझ्या ताटात ठेवली, शेजारी ठेचा आणि थेंबभर तेल.

“पाह्य बरं, जमली का?”

मी घास मोडला. ती भाकरी आईच्या भाकरीसारखी होती — नाही, इथे तरी नेमकं बोलावं. तिच्याहूनही मऊ होती. मी तो घास चावला, गिळला आणि म्हणाले, “मंधात कच्ची राह्यली, बाबा.”

एवढंच. एवढंच माझं पाप आहे, आणि ते एका घासाएवढं आहे म्हणून लहान होत नाही.

भीती कसली होती? इथे मी कवयित्री होते. अकोल्याच्या संमेलनात माझं नाव घेताना सूत्रसंचालकाचा स्वर बदलायचा. तिथे पुण्यात, जिथे सगळ्यांनाच कविता कळते, तिथे माझी कविता साधारण ठरली असती तर? पत्राआधी पुण्यात झालेल्या मुलाखतीत माझं वऱ्हाडी वळणाचं बोलणं ऐकून कुणीतरी मायेनंच हसलं होतं. त्या हसण्यापुढे मी केवढीशी झाले होते. मी भ्याले. आणि भिण्यासाठी मला वडिलांचं नाव लागलं.

पुढे मी त्यावर कविताही लिहिली — थकलेल्या बापासाठी थांबलेल्या लेकीची. अकोल्यात वाचली तेव्हा लोकांनी डोळे पुसले. बाबा पहिल्या रांगेत होते. टाळ्या वाजत असताना ते मान खाली घालून स्वतःच्या तळहातांकडे पाहत होते. ते पाहूनही पुढच्या संमेलनात मी तीच कविता वाचली.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्या सकाळनंतर त्यांनी पुन्हा कधी परातीला हात लावला नाही. सांगण्याच्या संधी मला किती होत्या! सात वर्षांतल्या किती संध्याकाळी आम्ही दोघं फुलांच्या ढिगाशी बसून, न बोलता देठ निवडत होतो. मी बोलले नाही.

एक राहिलं. त्या सकाळी त्यांनी उरलेली भाकरी माझ्या ताटातून उचलली होती आणि उभ्यानंच, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली होती. ती कच्ची नव्हती, हे त्यांच्या जिभेला कळलं नसेल? की माझ्या शब्दापुढे त्यांनी स्वतःची जीभ खोटी मानली? मला ठाऊक नाही. मी अंगणात जाऊन पुण्याला फोन केला. आत येऊन म्हणाले, कळवलं बाबा, नाही जात. ते पुन्हा चुलीशी बसले होते. ज्या माणसानं बाजारात, भावकीत, आईपुढेसुद्धा कधी माघार घेतली नाही, त्या माणसानं पिठाचे हात एकमेकांवर झटकले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं —

“चुकलो.”