अण्णाचा अंगठा

एजंटानं अण्णाच्या हातातलं पेन काढून घेतलं. त्याचा अंगठा धरला, शाईच्या डबीवर दाबला आणि कागदावर उमटवला. ढोराला डाग देतात तसा.

अण्णा माझा थोरला भाऊ. आयटीआय पास. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात फिटर. सही मोत्यासारखी.

"साहेब, मला सही येते."

"तुमच्या लोकांचा अंगठाच बरा."

या कन्नड मुलखात एजंट आमच्याच भाषेचा, मराठी, पण वरच्या जातीचा. खुर्च्या रिकाम्या होत्या, आम्ही उभेच. कागद इंग्रजीत आणि अरबीत. अण्णानं हात जोडले, "स्वल्प, थोडं वाचून सांगता?"

"व्हिसा हवाय की शाळा शिकायचीय?"

सगळं ऑफिस हसलं. अण्णा मान खाली घालून "सरी, बरं" म्हणाला. त्यानं प्रत मागितली, तीही दिली नाही.

जायच्या आदल्या दिवशी गल्लीनं अण्णाचा सत्कार केला. हार, नारळ, फोटो. अध्यक्ष कोण? तोच मेला एजंट! आई त्याच्या पाया पडली, त्याला पेढा दिला. अजून आठवलं की जीव जळतो.

तिकडे आखातात फिटरच्या हाती शेळ्या दिल्या. वाळवंटात. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर अण्णाचा फोन आला. रडत होता.

"कागदात लिहिलंय म्हणतात गं. सांगतील ते काम करीन, मधेच परत जाणार नाही. मी कधी म्हटलं असं?"

आई गेली. मालकानं अण्णाला सोडलं नाही. अग्नी मी दिला.

तेराव्याला एजंट आला. खुर्ची ओढून बसला, हळहळला आणि खिशातून कागद काढला. आईच्या फोटोपुढं दिवा जळत होता हो!

"पोरी, तुझ्यासाठी शिलाईचं काम आहे तिकडे. दे अंगठा."

मी म्हटलं, "आधी वाचा. मोठ्यानं. गल्लीला ऐकू जाईल असं."

"तुला काय कळणार?"

"कळेपर्यंत वाचा."

तो उठला. कागद खिशात कोंबून चालता झाला.

आता सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या ऑफिसच्या जिन्यात बसते. वर चढणाऱ्या प्रत्येकाला अडवते. अंगठा देऊ नको. कागद घरी ने, वाचून घे, प्रत माग. तो वरून शिव्या घालतो, पोलिसांची भीती दाखवतो. दाखव बाबा.

अण्णा अजून आलेला नाही. तो येईपर्यंत मी हा जिना सोडणार नाही.