पुलाजवळचा उणा किलोमीटर

सुखदेव तायडे गेल्याची बातमी मला वर्तमानपत्रातूनच कळली. चौथ्या पानावर, अगदी तळाशी, चार ओळी. रस्त्याच्या कामावरील निवृत्त मजूर, राहणार बोरगाव, वृद्धापकाळाने निधन, पश्चात पत्नी, दोन मुली, नातवंडे. नोकरीत असताना अशा चार ओळी मी किती लिहिल्या याची गणती नाही. त्यांत काय राहून जातं हे मला ठाऊक आहे. या चार ओळींत तायडे धावत होते, हे राहून गेलं होतं. बातमीदाराचा दोष नाही. त्याला ते सांगणारं कुणी नव्हतं, आणि ज्याला सांगता आलं असतं तो मी इतकी वर्षं गप्प होतो.

तायडे मैलकुली होते. आता हा शब्द कुणाच्या कानावर पडत नाही. अकोला–अमरावती रस्त्याचे बोरगावच्या अलीकडचे-पलीकडचे काही मैल त्यांच्या ताब्यात होते. खड्ड्यात मुरूम भरायचा, कडेचं गवत कापायचं, नाल्यातला गाळ काढायचा आणि मैलाच्या दगडांना चुना मारायचा, एवढं त्यांचं काम. याच रस्त्यावर ते धावायला शिकले. हजेरी लागायच्या आधी, झुंजुमुंजू असताना ते निघत, दगड मोजत जात आणि दगड मोजत परत येत. पायात ट्रकच्या टायरमधून स्वतः कापलेल्या चपला, टाचेमागे सुतळी. खाणं म्हणजे भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा. धावताना पाणी प्यायचं नाही, प्यालं की पोटात गोळा येतो आणि पाय जड होतात, अशी त्या काळच्या सगळ्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची पक्की समजूत होती. तायडे ओल्या फडक्याचा बोळा दातांत धरून वैशाखात वीस-वीस मैल धावलेले मी पाहिले आहेत. आज ते वाचून डॉक्टर कपाळाला हात लावतील. तेव्हा आम्ही त्याला तपश्चर्या म्हणत होतो.

रविवारी ते पॅसेंजरने बडनेऱ्याला आणि तिथून अमरावतीला जात. तिथे एक निवृत्त हवालदार मैदानावर मुलांना धावायला शिकवत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. अख्ख्या मैदानावर घड्याळ एकच, उस्तादांचं. त्यांचा एकच हट्ट होता, अंतर पुरं झालं पाहिजे. कोपऱ्यावर कुणी आतून वळला की ते त्याला परत आरंभाच्या खुणेवर आणून उभा करीत. "चार पावलं चोरली बे तुनं. आता पुरा चक्कर पुन्ना मार," म्हणत. तायड्यांना त्यांनी एकदाच असं परत पाठवलं होतं. ते तायडे विसरले नाहीत.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी मी अकोल्याच्या एका दैनिकात उमेदवारी करत होतो. खेळाचं पान नव्हतंच, अर्धा रकाना होता, तो माझ्याकडे. तायड्यांची ओळख त्यातून झाली. ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, तरी मला "भाऊ" म्हणत. छप्पन्न साली त्यांच्या घरानं बुद्धधम्म स्वीकारला होता. घरातल्या भिंतीवरचे जुने देव उतरले होते आणि त्या जागी दोन तसबिरी होत्या. त्यांच्या खाली लाकडी फळी. तिथे एखादं पदक असावं, असं त्यांच्या पत्नी वच्छलाबाई हसत म्हणायच्या. "नुसते चपला फाडून रायले. घरी तं काई आनत नाई." तायडे उत्तर द्यायचे, "आनतो ना. सबूर कर." त्यांना हवी होती फक्त राज्याच्या निवड शर्यतीची चिठ्ठी. त्यासाठी जिल्ह्याच्या मॅरेथॉनमध्ये पहिलं यायचं होतं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मैल गेले आणि किलोमीटर आले. रस्त्यावरचे जुने दगड उपटून नवे पुरले गेले. बोरगावच्या पट्ट्यात ते उपटणाऱ्या आणि पुरणाऱ्या टोळीत तायडे होते. त्यानंतर वर्षभराने बोरगावच्या पुढे नाल्यावर नवा पूल झाला. पूर्वी रस्ता नाल्यात उतरायचा, लांब वळसा घेऊन पलीकडे चढायचा. आता तो सरळ पुलावरून गेला. वळसा संपला, पण पलीकडचे दगड होते तिथेच राहिले. म्हणजे पुलाजवळच्या दोन दगडांमध्ये एक किलोमीटर लिहिला होता, पण तेवढा रस्ता उरला नव्हता. गाडीतून जाणाऱ्याला हे कळायचं कारण नव्हतं. ते फक्त पायांना कळत होतं.

जिल्ह्याची मॅरेथॉन त्याच हिवाळ्यात ठरली. अकोल्याहून निघून एकविसाव्या दगडाच्या शंभर मीटर पुढे झेंडा, तिथून वळून परत. मी शर्यतीच्या समितीत होतो आणि वळणावरचा पंचही होतो. शर्यतीच्या तीन दिवस आधी तायडे आमच्या कचेरीत आले. चपला दाराबाहेर काढून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"भाऊ, झेंडा अलीकडे पडून रायला. दीड-एक फर्लांग पुढे पाह्यजे."

"सरकारी दगड आहे, तायडे. तो खोटा कसा असेल?"

"गोटा खराच हाये. मीच गाडला. रस्ता सरकला ना खालून!"

मला ते पटलं. मी समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते शहरातले नामवंत वकील होते. अशिलाचे कागद चाळता चाळता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता मैलकुली आपल्याला अंतर शिकवणार का?" खोलीतले दोघे-तिघे हसले. मीही हसलो असेन... नक्की आठवत नाही, आणि ही गोष्ट मला आठवत नाही यावर माझा स्वतःचाच विश्वास नाही. झेंडा हलला नाही. तायड्यांना मी निरोप दिला. ते एवढंच म्हणाले, "मंग मले कठीन हाये. उद्या कोनी मोजलं तं काय म्हनतीन? मैलकुल्यानंच गोटा सरकवला म्हनतीन. आमच्या मानसाचं नाव तं आधीच तयार असते." त्यातला अर्थ मला तेव्हा पुरता कळला नाही.

शर्यतीच्या सकाळी मी झेंड्यापाशी उभा होतो. शेजारी पाण्याची बादली, लिंबाच्या फोडी. त्यांना कुणी हात लावणार नव्हतं. सगळ्यांत आधी तायडे दिसले, एकटे. मागे बऱ्याच अंतरावर अमरावतीच्या कॉलेजातला एक चांगला, हसरा मुलगा. तायडे झेंड्यापाशी आले आणि वळले नाहीत.

"तायडे, वळा! इथंच आहे!" मी ओरडलो.

"अजून हाये, भाऊ," ते म्हणाले. वेग कमी न करता.

ते सरळ कुरणखेडच्या दिशेनं जात राहिले. मी हाका मारत राहिलो. कॉलेजचा मुलगा आला, झेंड्याला वळसा घालून परत फिरला. दूर एका बाभळीपाशी तायडे वळलेले मला दिसले. परत येताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर मी त्या बाभळीपर्यंत चालत गेलो. रस्त्यावर आडवी, ताजी, चुन्याची रेघ होती. दगडांना मारायच्या चुन्यातून त्यांनी आदल्या दिवशी ती ओढून ठेवली होती.

कॉलेजचा मुलगा पहिला आला. तायडे दुसरे. दोघांमधलं अंतर दीड मिनिटाच्या आतलं. जाऊन-येऊन तीन फर्लांग, म्हणजे सहाशे मीटर, जास्त धावून तायडे तेवढेच मागे होते. बातमी मी लिहिली. "बोरगावचे सुखदेव तायडे वळण चुकल्याने मागे पडले." हे वाक्य जुळवायला मला वेळ लागला नाही. ते मुद्दाम पुढे गेले असं लिहायचं, तर का गेले तेही लिहावं लागलं असतं, आणि मी समितीत होतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी मोजणीची साखळी आणून रस्ता मोजला. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. झेंड्याची जागा दीड फर्लांगानं उणी निघाली. बाभळीपाशी रेघ जवळजवळ पुसली होती, पण जागा बरोबर होती, दोन-चार हातांचा फरक. तायडे पुलाच्या कठड्यावर बसले.

"आता लिहा," ते म्हणाले.

"लिहितो."

संपादकांनी माझा कागद वाचला आणि परत दिला. बक्षीस वाटून झालं होतं, त्या मुलाचं नाव राज्याला कळवलं होतं. शुद्धिपत्र नावातल्या चुकीचं द्यायचं असतं, निकालाचं नाही, असं ते म्हणाले. मी कागद खणात ठेवला. नोकरी कच्ची होती, हे खरं आहे. ती नंतर पक्की झाली, मी नंतर मोठ्या जागेवर गेलो, माझ्या हातात पानं आली, तरी तो कागद खणाबाहेर आला नाही, हेही तितकंच खरं आहे.

तो मुलगा राज्याच्या शर्यतीत शेवटचे दोन मैल चालत आला. तिथल्या लोकांनी विचारलं म्हणे, वऱ्हाडातले मैल लहान असतात का? पुन्हा अंतर मोजून दिल्याखेरीज आमच्या जिल्ह्याचा निकाल धरायचा नाही असं ठरलं. मोजायला कुणी गेलं नाही. दोन वर्षांनी शर्यतच बंद पडली. तायडे तोवर पस्तिशीला आले होते. त्या दोन वर्षांत ते रोज बोरगावच्या हॉटेलात आमचं वर्तमानपत्र मागून घेत आणि सगळी पानं उलटत, हे मला हॉटेलवाल्यानं सांगितलं. मला त्यांनी एकदाच विचारलं, अकोल्याच्या बसस्टँडवर. "भाऊ, ते निंगालं का?" मी म्हणालो, जागा मिळाली की काढतो. ते "बरं" म्हणाले. त्यानंतर ते धावले नाहीत, आणि त्यांनी मला काही विचारलंही नाही. निवृत्त होईपर्यंत ते त्याच रस्त्यावर मुरूम टाकत राहिले. मी गाडीतून जाताना दोन-तीनदा ते दिसले. मी गाडी थांबवली नाही.

चार ओळी वाचल्यावर मी बोरगावला गेलो. त्यांच्या मृत्यूनंतरच्या जलदान विधीचा दिवस होता. वंदना झाली आणि मंडळी तायड्यांबद्दल दोन-दोन शब्द बोलू लागली. वच्छलाबाई आता वाकल्या आहेत, पण त्यांनी मला ओळखलं. तसबिरींखालच्या फळीवरून त्यांनी एक कागद काढला. आमच्या दैनिकातलं कात्रण, पिवळं पडलेलं, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेलं. उभ्या आयुष्यात तायड्यांचं नाव छापून आलं ते एवढंच.

"तुमीच लिवलं व्हतं ना, भाऊ? तुमीच वाचा. समद्यायले आयकू येईन असं."

मी उभा राहिलो आणि वाचलं. जसं छापलं होतं तसं, एक शब्द न बदलता. वळण चुकल्याने, हे शब्द आले तेव्हा मागच्या ओळीत बसलेला एक म्हातारा, त्यांच्या टोळीतला असावा, मोठ्यानं म्हणाला, "काय? सुखदेव? आपल्या रस्त्यावर वळन चुकला? काहून चुकन बाप्पा तो!" आणि हसला. त्याच्याबरोबर सगळे हसले. मुली हसल्या, नातवंडं हसली, पदर तोंडाला लावून वच्छलाबाईही हसल्या. त्या घरात एवढं अशक्य असं कुणी काही ऐकलं नव्हतं.

तेव्हा सांगता आलं असतं. सगळे माझ्याकडेच पाहत होते. मी पुढचं वाक्य वाचलं.