टाकीमागची फळी

जे मी बायकोलाही सांगितलेलं नाही ते आधी सांगून टाकतो. माझ्या घराच्या फळ्या मामांनी बिघडवल्या नाहीत, मी बिघडवल्या. आता मामांविषयी बोलायला मी मोकळा झालो. बायकोचे हे मामा पारोळ्याचे, आणि धुळ्यापासून रावेरपर्यंत भिंतीशी बोलणारा आणि तिचं ऐकून घेणारा त्यांच्यासारखा दुसरा रंगारी झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. माझी छाती फारशी ठोकण्यासारखी नाही, तरीही.

मामा कोणाच्या घरी गेले की आधी माणसांना नाही, घराला भेटतात. चप्पल काढता काढता चौकटीवर नख ओढतात, मग भिंतीवर बोटाचं पेर वाजवून कान लावतात, आणि पूर्वी तर खिशातल्या छोट्या बाटलीतून पाण्याचा एक थेंब भिंतीवर सोडून बघत उभे राहायचे. थेंब जिरला तर भिंत तहानलेली, ओघळला तर भरल्या पोटाची. एवढं झाल्यावर यजमानीणबाईंना विचारतात, "कसं काय अक्का, बरं शे ना?" अंगात पांढरा सदरा आणि पांढरा लेंगा. चाळीस वर्षं रंगकाम करून त्यावर एक शिंतोडा नाही. "रंगाऱ्याच्या अंगावर रंग म्हणजे मालकाचं नुकसान," असं त्यांचं म्हणणं. रंगांची नावं ते कंपनीच्या कार्डावरून कधीच घेत नाहीत. त्यांचे रंग भरताच्या वांग्याचा, केळीच्या दांड्याचा, शेवभाजीच्या तर्रीचा. एका डॉक्टरच्या दवाखान्याला त्यांनी 'आजारी माणसाच्या जिभेचा' रंग सुचवला होता, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

माणसंही ते भिंतीच्या मापानेच मोजतात. भाचीसाठी आलेलं एक स्थळ त्यांनी एका वाक्यात उडवलं. "ह्या पोऱ्याले प्रायमरच नही. वरला रंग पहिल्या पावसात उतरी." मग मी गेलो. पोह्यांची बशी हातात होती तेवढ्यात मामा मागून आले आणि माझ्या पाठीवर पेर वाजवलं. मी दचकलो, पोहे सांडले. मामा आतल्या खोलीकडे वळून ओरडले, "हा उन्हामा टिकी!" माझं लग्न ठरलं ते एवढ्या तपासणीवर. मी कमी बोलतो, लोक त्याला शहाणपण समजतात. मामांनाही तसंच वाटलं असावं.

तीन वर्षांपूर्वी जळगावात आमच्या गच्चीवर मी एक खोली चढवली. पश्चिमेचं ऊन अडवायला तिच्या भिंतींवर बाहेरून सिमेंट-फायबरच्या लांब फळ्या ठोकल्या, खालचीवर वरची बोटभर चढवून. लाकडाच्या रेषा त्यांच्यावर इतक्या हुबेहूब उठवलेल्या की माझ्या आईने हात फिरवून विचारलं, "साग शे का रे?" मामांना आधी राग आला. "सिमेंट सागाचं सोंग घेतंय!" मग त्यांनी थेंब सोडला. फळी तो घटकन प्यायली. मामांचा चेहरा बदलला. "हाई तर तहानेली शे, जवाईबापू."

आता प्रश्न पडला, पेंट मारायचा की आत मुरणारा स्टेन द्यायचा. ठेकेदार म्हणाला पेंट मारा, दोन हात, विषय संपला. मामा त्याच्यावर असे उखडले की जणू त्याने बाळाला गोणपाट नेसवायला सांगितलं होतं. पेंट वर बसतो, रेषा बुजवतो, आणि एक दिवस पापुद्रा धरून उठतो. स्टेन आत जातो. उन्हाने फिका होईल, पण सोलणार नाही, पुन्हा एक हात दिला की ताजा. "रंग लावाना, स्टेन पाजाना," मामा म्हणाले. रंग ठरला कळण्याच्या, म्हणजे उडीद-ज्वारीच्या, भाकरीचा. निघताना ते म्हणाले, "मी परवा येस. फळीस्ले पाजानी तयारी करी ठेवा."

इथे माझं चुकलं. त्यांना म्हणायचं होतं, पुसून कोरड्या ठेवा. पण मी पाचोऱ्याकडच्या शेतकरी घरात वाढलो. आमच्याकडे नवं जू असो की वखराची दांडी, लाकूड घरात आलं की वडील त्याला जवसाचं तेल पाजायचे. पाजणं म्हटलं की मला एवढंच ठाऊक. बायको माहेरी गेली होती. मी रजा काढली, डबाभर जवस तेल आणलं, आणि दिवसभर घाम गाळत सिमेंटला तेल पाजलं. शेवटी पाण्याच्या टाकीमागे एक फळी उरली आणि डब्यातलं तेल संपलं. ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मामा आले. सवयीने हात बाटलीकडे गेला. मी म्हणालो, "फळ्या तयार आहेत मामा." त्यांनी हात खिशातून रिकामा काढला. जावयाचा शब्द तपासायचा नसतो, ही त्यांची रीत. तोवरच्या आयुष्यात ब्रश उचलण्याआधी थेंब न सोडता त्यांनी केलेलं हे एकच काम.

स्टेन आत गेलाच नाही. कुठे साचला, कुठे पळाला, आठ दिवस चिकट राहिला. त्यावर धूळ बसली, माश्या अडकल्या. शेजारचे नाना गच्चीवर येऊन म्हणाले, "सातपुड्यातला बिबट्या पाळला का हो?" तेव्हापासून गल्लीत आमचं घर बिबट्याचा बंगला. मामा फळीला नाक लावून बराच वेळ उभे राहिले. स्टेनलाही तेलाचाच वास, त्यात माझं तेल लपलं. मग वळून त्यांनी हळूच विचारलं, "जवाईबापू, फळीस्ले काही लायेल व्हतं का?"

नाना उभे होते. बायको उभी होती. मी म्हणालो, "नाही."

"मंग मन्हा हात गया," मामा म्हणाले.

त्यांनी आठवडाभर त्या फळ्या घासल्या, थिनरने पुसल्या, प्रायमर दिला आणि वर पेंट मारला. पेंट! ज्या माणसाला तो शब्द शिवीसारखा लागायचा त्याने. शेवटी ते टाकीमागे शिरायला लागले तेव्हा मी आडवा आलो. "तिथली राहू द्या मामा, कोण बघतंय." कारण मी बघितलं होतं. त्या एका फळीवर स्टेन असा जिरला होता की एकेक रेष मोजून घ्यावी. तव्यावरून नुकतीच उतरलेली कळण्याची भाकरी.

मामा आजही पांढऱ्या सदऱ्यात फिरतात, लोकांच्या भिंती वाजवतात. पण कोणी स्टेनचं नाव काढलं की स्वतःच सांगतात, "मी पेंट करी देस. स्टेननं काम मन्हाकडे नको, जवाईचं घर मीच बिघाडेल शे." हे सांगताना ते हसतात, आणि ऐकणारेही हसतात. खिशात ती बाटली आता नसते. गेल्या महिन्यात आमच्या पेंटला पापुद्रे धरू लागले, त्यांनी सांगितलं होतं तसेच. बायकोने फोन लावला तर म्हणाले, "दुसरा कोणी पाहा, पोरी."

परवा टाकीमागे सरकून मी त्या फळीवर हात फिरवला. तीन उन्हाळे गेले, थोडी फिकी झाली आहे. सोललेली नाही.

मामांना ती फळी दाखवायची आहे. आणि त्यांनी तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं होतं. एवढं माझ्याकडून अजून द्यायचं राहिलं आहे.