काट्यावरचं शून्य

सव्वीस वर्षं फौजेत काढून मी नायब सुभेदार म्हणून पेन्शनला आलो. मलिंगार ही माझी शेवटची पोस्टिंग, असं मी गावी सांगतो. आयर्लंडच्या मधोमध वसलेलं हे गाव. इथली कमांडिंग ऑफिसर माझी मुलगी सुनीता. ती इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिची आई गेल्यावर तिने ऑर्डर काढली, "आबा, तीन महिने यायचं. कारणं सांगायची नाहीत." मी कारणं सांगितली नाहीत.

मात्र फौजी माणसाला काम नसेल तर तो घरच्यांना छळतो. मी पाचला उठायचो. सव्वापाचला चहा, साडेपाचला सगळ्यांच्या बुटांना पॉलिश. एके दिवशी तिच्या हॉस्पिटलच्या रबरी चपलाही मी चकाकवल्या, तेव्हा ती म्हणाली, "आबा, बास. तुम्ही बाहेर फिरून या."

सहा वाजता बाहेर पडलो तर समोरून एक उंच म्हातारा झपझप चालत येत होता. पाऊस होता, त्याच्याकडे छत्री नव्हती, माझ्याकडेही नव्हती. तो वळून माझ्याबरोबर चालू लागला. पन्नास पावलांत आमचे डावे पाय एकदम पडायला लागले. त्याने माझ्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, "इन्फन्ट्री?"

मी म्हणालो, "येस."

"मीपण. सार्जंट."

त्याचं नाव नोएल. वय एकाहत्तर, आमच्यापासून तीन घरं सोडून राहतो. तरुणपणी तो शांतिसेनेबरोबर लेबनॉनला होता. त्याची इंग्लिश मला निम्मी समजायची आणि माझी त्याला तेवढीच. पण दोन शिपायांना बोलायला फार भाषा लागत नाही.

मी कुठे काम केलं हे कळल्यावर त्याचे डोळे लकाकले. पलटणीत असताना चार वर्षं मी रायफल टीमबरोबर होतो. मॅचसाठी लागणारी काडतुसं आम्ही एका खोलीत हाताने भरायचो. रिकामं पितळी कवच घ्यायचं, तळाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून बारुदाची पावडर ओतायची आणि वर गोळी दाबायची. त्यात सगळा जीव पावडरच्या वजनात. ते ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये पंधरा ग्रेनहून थोडे जास्त बसतात. दोन काडतुसांत थोडासा फरक पडला तरी लांबच्या टार्गेटवर गोळी हातभर वरखाली जाते. वजन फारच जास्त झालं तर गोळी राहते बाजूला, रायफलच फुटते.

या खोलीचे मालक माझे उस्ताद, हवालदार दत्ताराम शिंगाडे. माण तालुक्यातले. त्यांच्याकडे पितळी तराजू होता, सोनाराकडे असतो तसा. दर दहा राउंड, म्हणजे दहा काडतुसं, भरली की पारड्यात ठरावीक वजन टाकून तराजू तपासायचा, हा त्यांचा नियम. दुसरा नियम, काटा हलला तर आपण होऊन शून्यावर आणायचा नाही. "आधी इचार, का हललास म्हून," असं ते म्हणत. तिसरा नियम, चूक झाली की आधी आवाज द्यायचा, कारण मागून.

मी तिन्ही नियम एकाच दिवशी मोडले. लान्स नाईक होतो. टेबलाला माझा गुडघा लागला, काटा सरकला, मी गुपचूप स्क्रू फिरवून तो शून्यावर आणला. दिवसभर दोनशे राउंड भरले. साडेचारला मला राहवलं नाही आणि मी उस्तादांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "फोडू समदी." दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी दोनशे राउंड उकलले आणि पुन्हा भरले. टीम कॅप्टन मेजर साहेबांनी कारण विचारलं. उस्ताद म्हणाले, "टेबल डगमगत होतं, साब. माझी नजर चुकली." त्यांची रजा चार दिवस पुढे गेली. माझ्याकडे बघून म्हणाले, "घर काय पळून जातंय व्हय?" मी मान खाली घातली. थँक्यू म्हणायचं सुचलं नाही.

हे सगळं नोएलला माझ्या इंग्लिशमध्ये सांगायला मला दोन सकाळी लागल्या.

तो म्हणाला, "शनिवारी रेंजवर चल."

नोएलचा शूटिंग क्लब गाडीने पाऊण तासावर होता. इथे वाटेल त्याने घरी बसून काडतुसं भरायची नाहीत. नोएलच्या क्लबात त्यासाठी एक खोली होती, परवाना होता आणि एक वही होती. मी पाहुणा, त्यामुळे माझ्यासाठी त्याने सेक्रेटरीला विचारून घेतलं. पावडरला मी हात लावायचा नाही. काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि वहीत खूण करायची. एवढ्यावरही मी खूश होतो. सुनीताने शर्टला इस्त्री करून दिली आणि बजावलं, "आबा, तिथे उस्तादगिरी करू नका हं."

त्या शनिवारची मॅच दुपारी दोनला होती. नोएलच्या दृष्टीने ती साधी मॅच नव्हती. लेबनॉनला त्याच्या सेक्शनमधला टॉम नावाचा शिपाई त्याच्या शेजारीच मारला गेला होता. दरवर्षी त्या आठवड्यातली मॅच नोएल टॉमच्या नावाने खेळायचा, आणि स्वतः भरलेल्या राउंडनेच खेळायचा. पुढच्या महिन्यात त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर नेम लागेल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

आम्ही साडेनऊला खोलीत पोचलो. टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा होता, तळहाताएवढा. वर काळी पॅन, समोर निळा पडदा. दाण्यादाण्याचा हिशेब दाखवतो. नोएलने तो चालू करून वीस मिनिटं तापू दिला. मग वीस ग्रॅमचं पितळी वजन ठेवून तपासला. मी मनात म्हटलं, उस्ताद, हा माणूस आपल्यातला आहे.

काम सुरू झालं. नोएल चमच्याने पावडर टाकायचा. ठरलेला आकडा आला की मी म्हणायचो, "ऑन."

तो म्हणायचा, "ऑन."

पावडर कवचात, वर गोळी, माझी वहीत खूण. दर दहाला पितळी वजन. काटा बरोबर.

विसाच्या पुढे दोन-तीन झाले असतील. नोएलने पॅनमध्ये चमच्याने थोडी पावडर टाकली आणि तेवढ्यात बाहेरून सेक्रेटरीने हाक मारली. नोएल गेला. बाहेर थंडी मरणाची. मला वाटलं, म्हातारा परत येईपर्यंत चहा तयार ठेवावा. भिंतीवर दोनच सॉकेट. एकात हीटर, दुसऱ्यात काटा. हीटर काढायचा जीव होईना. मी काट्याचा प्लग काढला, किटली लावली, पाणी उकळलं, काटा परत लावला. चहापायी आमच्या घराण्यात याआधीही अनर्थ झालेत.

नोएल आला तो पावसातून. चष्म्यावर वाफ धरलेली. कप बघून म्हणाला, "अरे, ग्रँड!" दोन घोट घेऊन त्याने चमचा उचलला. पडद्यावर शून्य होतं. आकडा भरला.

"ऑन," मी म्हणालो.

"ऑन."

पावडर ओतून त्याने रिकामी पॅन काट्यावर ठेवली. पडद्यावर उणे तीन पूर्णांक आठ दिसलं. नोएल गोळी बसवत होता. माझं बोट आपोआप पुढे गेलं आणि मी शून्याचं बटण दाबलं. काटा का हलला, ते विचारलं नाही.

तिसाव्याला पितळी वजन ठेवलं, काटा बरोबर. चाळिसाव्याला बरोबर, पन्नासाव्यालाही बरोबर. साडेअकराला सगळं संपलं. नोएलने राउंड पुसले आणि दोन डब्यांत टाकले. मग चहासाठी यावेळी त्याने काट्याचा प्लग काढला. पितळी वजन पॅनमध्येच राहिलं होतं. किटली उकळली, त्याने प्लग परत लावला. पडदा उजळला.

वीस ग्रॅमचं पितळ पॅनमध्ये होतं आणि पडद्यावर शून्य.

 बंद होऊन चालू झाला की हा काटा पॅनमध्ये असेल ते शून्य धरतो. मघाशी पॅनमध्ये पावडर होती. काळ्या पॅनमधली काळी पावडर, तीन पूर्णांक आठ ग्रेन. ती त्याने शून्य धरली आणि वर नोएलने पुरा चार्ज टाकला. पन्नासांतल्या एका राउंडमध्ये जवळजवळ चार ग्रेन जास्त होते. दिसायला चिमूटभर. पण नोएलचा चेहरा रायफलच्या बोल्टपासून, काडतुसामागच्या खिट्टीपासून, चार बोटांवर असणार होता, आणि उजवा डोळा त्याहून जवळ.

खोटं कशाला सांगू, मी एक मिनिट गप्प बसलो. मी परका माणूस. या क्लबात मला विश्वासाने बसवलेलं. उद्या गावात म्हणतील, डॉक्टरबाईंच्या वडिलांनी घोटाळा केला. नोएल डबे पिशवीत भरत होता. मला उस्तादांचं साडेचारचं ते टेबल आठवलं.

"सार्जंट, स्टॉप," मी म्हणालो. "माय मिस्टेक."

मी प्लग दाखवला, पॅन दाखवली, बटण दाखवलं. तो उभ्या उभ्या ऐकत राहिला.

"कुठला राउंड?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. तेविसावा असेल, चोविसावा असेल. आता डब्यांत सगळे एक झाले."

त्याने घड्याळ बघितलं. अकरा चाळीस. सेक्रेटरी दारातून म्हणाला की दुकानातले राउंड उसने मिळतील, नाहीतर पन्नास काडतुसांचं वजन करा, जड असेल ते काढा. मी मान हलवली. कवचाकवचाच्या वजनातच तेवढा फरक असतो, त्यात हा लपून जाईल. दुकानातल्या राउंडने खेळायचं की नाही, हे नोएलने ठरवायचं होतं.

नोएलने कोट काढून खुर्चीवर टाकला. "फोडू या," तो म्हणाला. "सगळे."

काडतूस उकलायला हातोडीसारखं अवजार असतं. त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी आणि पावडर सुटून येते. नोएल आपटायचा. एकेकाची पावडर काट्यावर टाकायचा. मी आकडा वाचायचो. यावेळी चहा नव्हता. पहिला बरोबर. दहावा बरोबर. तिसावा बरोबर. मला वाटायला लागलं, आपलंच डोकं फिरलं असावं. देवा, फिरलेलंच असू दे.

सदतिसाव्याला मी आकडा वाचला आणि थांबलो. तीन पूर्णांक आठने जास्त.

नोएल स्टुलावर बसला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. 

मी विचारलं, "अजून तेरा आहेत. त्यांचं काय?"

"तुझा उस्ताद काय म्हणाला असता?"

"समदी," मी म्हणालो. त्याला अर्थ सांगावा लागला नाही. त्याने पुढचा राउंड उचलला.

बारा पन्नासला पन्नासावा उकलला. मॅचला बावीस लागत होते. आम्ही पंचवीस भरले. प्रत्येक राउंडनंतर पितळी वजन ठेवलं, दहानंतर नाही. एक पंचेचाळीसला संपलं. दोनला नोएल फायरिंग पॉइंटवर आडवा झाला. रायफलला गाल लावण्याआधी त्याने हळूच एक शब्द उच्चारला. टॉमचं नाव होतं. मी मागे सावधान उभा राहिलो. बावीस वेळा आवाज झाला आणि बावीस वेळा तो माणूस डोळा शाबूत ठेवून बोल्ट मागे ओढत होता. मॅचमध्ये तो सहावा आला. मी त्या सहाव्या नंबरचंच अभिनंदन केलं.

निघण्याआधी वही पुरी करायची होती. उकललेले पन्नास. कारण. मी लिहिलं, "माझी चूक. शून्य दाबलं, विचारलं नाही." खाली सही केली, रँक लिहिली. शेवटी शेऱ्याचा रकाना मोकळा होता.

नोएलने विचारलं, "तुझ्या त्या उस्तादाचं पुढे काय झालं?"

मी त्याला सांगितलं. दोनशे राउंड फोडले त्यानंतर अकरा महिन्यांनी आमची पलटण उत्तरेला, उंचावरच्या पोस्टवर गेली. सकाळी सहा चाळीसला मोर्टार सुरू झाले. आम्ही दोघं बंकरच्या दारात होतो. दारातून एका वेळी एकच माणूस आत जाऊ शकत होता. उस्तादांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला आधी आत ढकललं. ते स्वतः आत पोचलेच नाहीत. त्यांची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. त्या रजेत त्यांना ती पहिल्यांदा दिसली होती, चार दिवस उशिरा.

 नोएलने वही माझ्याकडे सरकवली आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"तुझ्या त्या माणसाने आज माझा डोळा वाचवला. त्याचं नाव लिही."

"ही सरकारी वही आहे, सार्जंट."

"शेरा म्हणजे शेरा. लिही."

मी मराठीत लिहिलं. तपासले: हवालदार दत्ताराम शिंगाडे.

"वाचून दाखव," नोएल म्हणाला.

मी वाचलं. त्याने म्हणून बघितलं. पहिल्यांदा 'डॅटारॅम' झालं. मी दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा थोडं जमलं. तिसऱ्या वेळी तो उठून उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि पूर्ण नाव रँकसकट खड्या आवाजात म्हणाला. मीही उभा राहिलो, आणि इतक्या वर्षांनी ते दोन शब्द तोंडातून निघाले.

"थँक्यू, उस्ताद."